सत्कार संपल्यावर व्याख्यान

माझ्या निरोपाच्या दिवशी ऑफिसातल्या लोकांनी माझ्यासाठी शाल आणली होती. मी ती अंगावर घेतली नाही. शेजारच्या खुर्चीवर ठेवली आणि सगळ्यांना म्हटलं, आधी जेवून घ्या, अन्न गार होतंय. बाई शेवटच्या दिवशीही तिरसटच वागल्या, असं नंतर कुणीतरी बोललं म्हणे. बोलू देत. विद्यापीठाच्या कार्यक्रम विभागात उभी नोकरी काढून ज्याचा स्वभाव गोड राहिला, त्याने ती नोकरी मन लावून केली नाही असं मी समजते.

आमचं घराणं बेंगळूरचंच. किती पिढ्यांपासून, ते आता घरात कुणालाच नीट सांगता येत नाही. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कानडी. वडिलांचं यशवंतपूरच्या बाजारात कांद्या-बटाट्याचं दुकान होतं आणि मी तिथल्या पोत्यांवर बसून अभ्यास केलेली मुलगी. पुण्याकडची माणसं आमचं मराठी ऐकून गालात हसतात. या अंकाच्या संपादकांनी लिहा म्हटलं तेव्हा मी ही अडचण सांगितली, तर ते म्हणाले, भाषेचं आम्ही बघू, तुम्ही राग जसाच्या तसा ठेवा. तेव्हा राग माझा आणि शुद्धलेखन त्यांचं.

विद्यापीठात व्याख्यानं होतात, कार्यशाळा होतात, गाणं-नाटक होतं, आणि शहरातल्या कुणीही फुकट येऊन बसावं अशी सोय असते. ऐकणाऱ्याला वाटतं, वक्ता आला, बोलला, गेला. त्याच्यामागे काय चालतं ते सांगते. वक्त्याला बोलावणं हे सगळ्यात सोपं काम. शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेळ्ळंदूरच्या बाजूला राहणारा वक्ता असेल तर त्याला येलहंक्याकडच्या आमच्या सभागृहात वेळेवर आणणं हे त्याहून अवघड, कारण बेळ्ळंदूरचा चौक माणसाला केव्हा सोडील याचा नेम नसतो. पण खरा जीव जातो तो वेदिकेवर. व्यासपीठाला आमच्याकडे वेदिके म्हणतात. तिथे कुणाची खुर्ची कुणाच्या शेजारी, कुणाचं नाव आधी, कुणाला कोण हार घालणार, यात जरा चूक झाली तर व्याख्यान कितीही उत्तम होवो, दुसऱ्या दिवशी कुलगुरूंच्या दालनात आमची हजेरी ठरलेली.

इकडे हल्ली दीपप्रज्वलनाऐवजी कुंडीतल्या रोपाला पाणी घालून उद्घाटन करतात. कल्पना चांगली आहे, माझी तक्रार नाही. पण वेदिकेवरच्या प्रत्येकाला पाणी घालायचंच असतं. एकदा खुर्च्या इतक्या वाढल्या होत्या की शेवटच्या मान्यवरांनी झारी कलंडली तेव्हा कुंडीतली माती वाहून उद्घाटकांच्या बुटात गेली. ते गृहस्थ सबंध कार्यक्रम पाय आखडून बसले होते. ते रोपही जगलं नाही.

श्रोत्यांचीही एक गंमत सांगते. मोठे पाहुणे यायचे असले की सभागृह भरलेलं दिसावं लागतं. मग जवळच्या महाविद्यालयांतून बसगाड्या भरून मुलं आणायची. ती बिचारी कशावर व्याख्यान आहे हे न विचारता येऊन बसतात, आणि जाताना दाराशी मोबाइलवर हजेरी लावतात. आधी ही हजेरी आत येताना घेत असत. पण मुलं हजेरी लावून दुसऱ्या दाराने पसार व्हायची, म्हणून ती जाताना घ्यायची पद्धत पडली. ही सुधारणा माझ्या वरिष्ठांची, आणि त्यांना तिचा अभिमान होता.

एवढं सगळं असूनही मला ही नोकरी आवडत होती, हे आधी कबूल करते. त्याचं कारण वसुंधरा मॅडम.

मी नोकरीत नवी होते तेव्हाची गोष्ट. प्राणिशास्त्र विभागातल्या डॉ. वसुंधरा यांचं बेंगळूरच्या तळ्यांतल्या बेडकांवर व्याख्यान ठेवलं होतं. प्रमुख पाहुण्यांनी ऐनवेळी येत नसल्याचं कळवलं. त्यामुळे सत्कार नाही, प्रास्ताविक नाही, काहीच नाही. मॅडम सरळ ध्वनिक्षेपकापाशी गेल्या आणि त्यांनी बेडकाचा आवाज काढला. डराव डराव नव्हे. त्यांच्या मते बेडूक डराव डराव करतो असं ज्याने पहिल्यांदा पुस्तकात लिहिलं, तो तळ्याकाठी कधी बसलेलाच नव्हता. त्यांनी काढला तो आवाज लाकडावर बोटाच्या पेरांनी टकटक करावं तसा होता. मग दुसरा, बोकड दबक्या आवाजात ओरडल्यासारखा. मग एक बारीक किरकिर, जी ऐकून सगळ्यांनी रातकिडा म्हणून माना डोलावल्या आणि मॅडम म्हणाल्या, चुकलात, हाही बेडूकच. ध्वनिमुद्रणाची यंत्रं हाताशी नव्हती त्या काळात त्यांनी विद्यार्थ्यांना बेडूक कानाने ओळखायला शिकवले, आणि त्यासाठी स्वतःचा गळा वापरला. कुठल्या तळ्यात कुठला आवाज होता आणि तो केव्हा बंद पडला, हे त्या गळ्यात साठलेलं होतं. सभागृहातून बाहेर पडताना लोक एकमेकांना आवाज काढून दाखवत होते. व्याख्यान असं असतं हे मला त्या दिवशी कळलं आणि पुढे इतकी वर्षं मी वाट बघत राहिले, की पुन्हा कधीतरी प्रमुख पाहुणे येणार नाहीत.

मॅडम आमच्यातल्याच, म्हणजे जुन्या मराठी घरातल्या. त्यामुळे पुढे ओळख वाढली. मला त्या अक्का म्हणत, वयाने मोठ्या असूनही. सगळं ऑफिसच मला अक्का म्हणे, त्याला त्या तरी काय करणार. त्या निवृत्त झाल्या, येलहंक्याला घरी असत, अधूनमधून फोन व्हायचा.

माझी स्वतःची निवृत्ती जवळ आली तेव्हा नव्या कुलगुरूंनी सार्वजनिक व्याख्यानमाला सुरू करायची ठरवली आणि नावं सुचवायला सांगितली. मी पहिलं नाव मॅडमचं दिलं. मग विचारायला म्हणून त्यांच्या घरी गेले. दार त्यांचे यजमान श्रीनिवासराव यांनी उघडलं. मॅडम आत बसल्या होत्या, मांडीवर शाळकरी मुलांची पाटी होती. मी बोलत होते आणि त्या खडूने उत्तरं लिहीत होत्या. मला वाटलं घसा बसलाय.

श्रीनिवासरावांनी सांगितलं, घशात गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागणार. शस्त्रक्रियेचा दिवस ठरला होता. डॉक्टरांनी तोवर शक्य तितकं कमी बोलायला सांगितलं होतं. मी व्याख्यानाचा विषय गिळून टाकला आणि उठायला लागले, तर मॅडमनी पाटी पुसली आणि लिहिलं, "व्याख्यान शस्त्रक्रियेच्या आधी ठेवा." मी नको म्हणाले. तेव्हा त्या बोलल्या. आवाज घोगरा होता, पण त्यांचाच होता.

"अक्का, हे बेडूक माझ्याबरोबर गप्प व्हायला नकोत. तुमच्याकडे चांगली मशिनं आहेत. एकदा सगळं बोलते, तुम्ही नीट धरून ठेवा. मग डॉक्टर काय कापतील ते कापू देत."

घरी फोनवर का नाही करून ठेवत, असं मी विचारलं. श्रीनिवासरावांनी प्रयत्न केला होता. मॅडमना यंत्रासमोर एकटं बोलायला जमेना. समोर माणसं बसली की गळा आपोआप चालतो, असं त्यांचं म्हणणं, आणि ते मला पटलं. गवयाचं काही वेगळं असतं का? शिवाय त्यांना थोडाच वेळ बोलता येणार होतं. ते बोलणं त्यांना घरातल्या भिंतींपुढे खर्च करायचं नव्हतं. आजाराचं कुणाला सांगू नका म्हणाल्या, लोक मग बेडूक ऐकायला न येता आजारी बाई बघायला येतात. फक्त कुलगुरूंना सांगा, म्हणजे ते वेळ कापणार नाहीत.

त्याप्रमाणे मी कुलगुरूंना सांगितलं, आणि तिथेच सगळं बिघडलं.

ते वाईट गृहस्थ नव्हते. हे मला मुद्दाम लिहायचं आहे, कारण वाईट माणसाने केलं असतं तर माझा राग इतका टिकला नसता. त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले. मग म्हणाले की अशा विदुषीचा सत्कार साधासुधा करून चालायचं नाही. मी म्हटलं, सर, त्यांना सत्कार नको, त्यांना बोलायला वेळ हवा. ते म्हणाले, दोन्ही देऊ. दुसऱ्या दिवशी त्यांनी एका बड्या पुढाऱ्यांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावल्याचं मला कळलं. पाहुणे येणार म्हणून सभागृह भरायचं ठरलं, सभागृह भरायचं म्हणून बसगाड्या ठरल्या, आणि विज्ञान शाखेच्या प्रत्येक विभागाने आपापली स्वतंत्र शाल द्यावी असं परिपत्रक निघालं. माणसाचा आवाज जाणार आहे हे कळल्यावर त्याच्या बोलण्याची वेळ वाढवायची सोडून आमच्या लोकांनी त्याच्यासाठी शाली वाढवल्या. मी दोनदा कुलगुरूंच्या दालनात गेले. दुसऱ्या वेळी त्यांनी मला जरा रागानेच विचारलं, की बाईंचा मान वाढतोय त्याचं तुम्हाला दुःख का होतंय.

चित्रीकरण पूर्वी आमचं आम्हीच करत होतो. ध्वनिव्यवस्था सांभाळणारे गणोजी अण्णा आपल्या यंत्रावरच आवाज साठवून ठेवत आणि कॅमेरा आमच्या विभागातलं कुणीतरी चालवी. चित्र बरं नसे, पण आवाज स्वच्छ असे. अलीकडे हे काम बाहेरच्या कंपनीला दिलं होतं. कंपनी बेळ्ळंदूरची आणि तिचा इकडचा मॅनेजर अमेय, पुण्याहून नोकरीला आलेला, तिशीतला, अतिशय नम्र. मी त्याला आधीच गाठून सांगितलं, बाकी काही नाही आलं तरी चालेल, मॅडमचं व्याख्यान पूर्ण आलं पाहिजे. तो म्हणाला, "डोन्ट वरी मॅम, एण्ड टू एण्ड कव्हर करतो." तो असं म्हणाला आणि मी निश्चिंत झाले.

कार्यक्रमाच्या दिवशी मॅडम वेळेआधी आल्या. आदल्या आठवड्यापासून त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. गणोजी अण्णांनी आवाजाच्या चाचणीसाठी हॅलो म्हणायला सांगितलं, तेव्हा त्यांनी नुसतं बोटाने ध्वनिक्षेपकावर टिचकी मारली. अण्णा समजले. "सरी, ठीक आहे मॅडम, मी बघून घेतो, तुम्ही स्वल्प पाणी घ्या," म्हणाले. श्रीनिवासराव पुढच्या रांगेत बसले. पाहुण्यांच्या सुरक्षेसाठी पुढच्या रांगांतल्या सगळ्यांचे मोबाइल दाराशी काढून घेतले होते, त्यांचाही.

पाहुणे उशिरा आले. किती उशिरा ते लिहून आता उपयोग नाही. बसगाड्यांतून आणलेली मुलं तोवर कंटाळून शिट्ट्या मारायला लागली होती. मॅडम वेदिकेवर मधल्या खुर्चीत ताठ बसून होत्या. मग प्रार्थना झाली, राज्यगीत झालं, रोपाला पाणी घालून झालं, स्वागताचं भाषण झालं. पाहुणे बोलायला उठले. लहानपणी आम्ही बेडकांना दगड मारायचो, अशी त्यांनी सुरुवात केली आणि ते स्वतःच हसले. मग त्यांनी आपल्या मतदारसंघातल्या तळ्याभोवती बांधलेल्या फिरायच्या रस्त्याबद्दल, त्यावर बसवलेल्या दिव्यांबद्दल आणि लहान मुलांसाठी ठेवलेल्या सिमेंटच्या बेडकाबद्दल सविस्तर सांगितलं. सिमेंटच्या बेडकावर टाळ्या पडल्या. मी मॅडमकडे बघायचं टाळलं.

त्यानंतर सत्कार. पहिली शाल विद्यापीठाची, तिच्यावर चंदनाचा हार, डोक्याला म्हैसुरी पेटा म्हणजे पगडी, हातात फळांची टोपली, स्मृतिचिन्ह. पेटा मोठा झाला आणि कपाळावरून खाली घसरला. तो सावरायला मॅडमचे हात मोकळे नव्हते. मग विभागांच्या शाली सुरू झाल्या. एक शाल घालून झाली की ती काढायची नाही, दुसरी तिच्यावरच, कारण काढली तर पहिल्या विभागाचा अपमान. एका विभागप्रमुखांचे डोळे फोटोत मिटले म्हणून त्यांनी शाल पुन्हा घातली. बाईंच्या अंगावर लोकरीचा ढीग झाला होता. वर दिव्यांचा उजेड होता, आणि त्यांच्या गळ्याला काय झालंय हे वेदिकेवरच्या निदान एका माणसाला ठाऊक होतं. तो माणूस प्रत्येक शालीला टाळ्या वाजवत होता.

पाहुण्यांना पुढच्या कार्यक्रमाला जायचं होतं. आता एक बारकी गोष्ट सांगते, जी आमच्या धंद्याबाहेर कुणाच्या लक्षात यायची नाही. आभार शेवटी मानतात. पण पाहुणे मधेच जाणार असतील तर त्यांच्या कानावर त्यांचे आभार पडलेच पाहिजेत. म्हणून आभारप्रदर्शन आधी उरकून घ्यायची आमच्याकडे रीत आहे. त्या दिवशीही तसंच झालं. व्याख्यान व्हायच्या आधी, उत्कृष्ट व्याख्यानाबद्दल डॉ. वसुंधरा यांचे आभार मानले गेले. मग पाहुणे उठले. त्यांच्याबरोबर कुलगुरू उठले, कुलगुरूंबरोबर अधिष्ठाते आणि विभागप्रमुख उठले, आणि वेदिके रिकामी होताना बघून मुलं उठली. दाराशी हजेरी सुरू झाली होतीच. निवेदिका मोठ्या आवाजात सांगत होती की आता मॅडम दोन शब्द बोलतील, पण खुर्च्यांच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं असेल असं वाटत नाही. मला नियमाप्रमाणे पाहुण्यांच्या गाडीपर्यंत जावं लागलं.

मी धावत परत आले. सभागृहात पुढे थोडीशी माणसं उरली होती. श्रीनिवासराव, त्यांच्याच रांगेतले मॅडमचे काही जुने विद्यार्थी, बागेत काम करणारे दोघे-तिघे, ध्वनिव्यवस्थेपाशी गणोजी अण्णा. मागच्या बाजूला कॅमेरा तिकाटण्यावर उभा होता, तोंड वेदिकेकडे. मी तो बघितला आणि मनात म्हटलं, असू दे, माणसं गेली तर गेली, यंत्र तरी आहे. मग वेदिकेवर चढून मॅडमच्या अंगावरच्या शाली एकेक करून काढल्या. पेटा काढला. केस घामाने कपाळाला चिकटले होते. त्या ध्वनिक्षेपकापाशी गेल्या, ओंजळीने तो धरला, आणि बोलल्या.

त्यांनी बेळ्ळंदूरपासून सुरुवात केली. त्या तरुण असताना तिथल्या तळ्याकाठी संध्याकाळी काय ऐकू येई, ते त्यांनी एकेका आवाजाने उभं केलं. टकटक करणारा, बोकडासारखा, किरकिरणारा, आणि पाऊस लागल्यावर जमिनीतून वर येऊन दोन-चार दिवसच ओरडणारा एक, ज्याचा आवाज रिकाम्या पिंपावर थाप मारल्यासारखा. मग म्हणाल्या, आता आजचं बेळ्ळंदूर ऐका. आणि तोंड मिटून उभ्या राहिल्या. सभागृहात पंख्यांचा आवाज तेवढा होता. मग पुढचं तळं. तिथे आधी चार आवाज, आज एक. असं करत त्या शहर ओलांडून येलहंक्यापर्यंत आल्या. मधे मधे आवाज फाटत होता. एके ठिकाणी शब्द निघेनासे झाले तेव्हा त्यांनी बोलणं सोडून दिलं आणि नुसते बेडूक काढले. तळ्याचं नाव हाताने हवेत लिहून दाखवत होत्या, आणि बागकाम करणारे दोघे ते ओळखून मोठ्याने म्हणत होते. शेवटच्या तळ्यावर आल्या तेव्हा फक्त ओठ हलले. मग त्यांनी हात जोडले. तिकडे बाहेर पाहुण्यांबरोबर आलेल्या लोकांच्या पंगती चालल्या होत्या आणि आत आम्ही मोजकी माणसं रडत होतो. मॅडम मात्र हसत होत्या. त्यांना वाटत होतं, सगळं धरून ठेवलंय.

शस्त्रक्रिया ठरल्याप्रमाणे झाली आणि चांगली झाली. मॅडम वाचल्या. आवाज गेला. त्या घरी आल्यावर श्रीनिवासरावांनी फोन करून विचारलं, की त्या दिवसाचं चित्रीकरण मिळेल का, तिला ऐकायचंय. मी अमेयला फोन केला. त्याने फाइल पाठवली. उघडून बघितली तर ती, बाहेरच्या दुसऱ्या कॅमेऱ्यावर पाहुण्यांची गाडी फाटकातून बाहेर पडते तिथे संपत होती.

मी त्याला ऑफिसात बोलावून घेतलं. तो खरंच गोंधळला होता.

"मॅम, व्होट ऑफ थँक्स झालं होतं ना? आमचं ब्रीफ चीफ गेस्टच्या एन्ट्रीपासून एक्झिटपर्यंतचं होतं. टीम लंचला गेली. मला वाटलं, इव्हेंट ओव्हर."

"कॅमेरा उभा होता, अमेय."

"उभा होता मॅम. रोल होत नव्हता."

गणोजी अण्णांकडे गेले. त्यांनी कपाळाला हात लावला. "अक्का, ते लोक म्हणाले वायर आमच्या मशिनला द्या, आवाज आम्हीच घेतो. मी दिली. पूर्वीसारखं माझ्याकडे असतं तर मी बंद केलं असतं काय?" नसतं केलं. हे त्यांना सांगून उपयोग नव्हता, ते आधीच रडकुंडीला आले होते. कुलगुरूंनाही सांगितलं. त्यांनी पुन्हा चष्मा काढला. मग म्हणाले, फार वाईट झालं, पण निदान सत्काराचं चित्रीकरण तरी उत्तम आहे. ते विद्यापीठाच्या संकेतस्थळावर चढवा. ते चढवलं गेलं आहे. मथळा आहे, डॉ. वसुंधरा यांचं व्याख्यान. मी तो बदलायला सांगितला तर उत्तर आलं, कार्यक्रमपत्रिकेत व्याख्यान असंच छापलंय, बदलता येणार नाही.

हे सगळं फोनवर सांगायचं मला जमलं नाही. मी येलहंक्याला गेले. श्रीनिवासरावांना दारातच सांगितलं. त्यांनी मला आत घेतलं. म्हणाले, आहे तेवढं तरी दाखवा. मॅडमनी खुर्ची ओढून घेतली. गळ्यापाशी पट्टी होती. मी संगणक लावला आणि आम्ही तिघं बघत बसलो. प्रार्थना, रोप, सिमेंटचा बेडूक, शाली. मी पुढे ढकलू का म्हणून विचारलं तर श्रीनिवासरावांनी नको म्हणून मान हलवली. ते चित्र बघतच नव्हते. डोळे मिटून कान देऊन बसले होते. टाळ्या आणि नावं आणि पुन्हा टाळ्या यांतून ते काहीतरी शोधत होते.

आणि ते त्यांना सापडलं. कितवी शाल चालली होती कोण जाणे. पडद्यावर मॅडमचा चेहरा पेट्याखाली झाकलेला, मान माझ्याकडे वळलेली, मी मागे ताट घेऊन उभी. वेदिकेवरचा कुणाचा तरी ध्वनिक्षेपक चालू राहिला होता. एवढे दिवस जपून ठेवलेल्या आवाजातून त्या माझ्याशी मराठीत बोलल्या होत्या. मी कुलगुरूंच्या कानाशी वाकून तेच कानडीत सांगितलं होतं आणि त्यांनी फळांची टोपली आणा अशी खूण केली होती. श्रीनिवासरावांनी फीत मागे नेली आणि पुन्हा लावली. मग पुन्हा. मॅडम स्वतःचा आवाज ऐकत हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. तेवढाच तुकडा वेगळा काढून द्या, असं श्रीनिवासराव मला म्हणाले, मी दिला, आणि तो ते रोज ऐकतात. एका विद्यापीठाने एका बाईंचा जपून ठेवलेला आवाज तो एवढाच आहे, तिथल्या फारशा कुणाला न कळणाऱ्या भाषेत:

"अक्का, आता मी बोलू का?"